तळ्यांतील मासे आणि पाण्याचें उष्णमान

खानदेशांतील शेतकरी हवेची ऊबथंडी ओळखण्यांत कोणास हार जाणारा नाहीं. पौष महिन्यांत रात्रीं आभाळ निरभ्र झालें आणि वारा पडला, म्हणजे पहाटे केळीवर चरका येणार, हें रावेर-यावलकडील बागाईतदारास कोणी सांगावें लागत नाहीं. तो आधींच बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करतो आणि रात्रीं विहिरीचें पाणी बागेस सोडतो. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत गेला कीं कोणत्या रोपास सांवली करावी व कोणत्या वेळीं पाणी द्यावें, हेंहि तो जाणतो. पण त्याच शेतकऱ्याच्या शेततळ्यांत किंवा हौदांत मासे असले, तर त्या पाण्याचें उष्णमान किती आहे, हें त्यानें बहुधा कधींच मोजलेलें नसतें. हवेवरून तो पाण्याचा अंदाज बांधतो आणि तेथेंच त्याचा हिशेब चुकतो.

हा विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. आमचें मत तसें नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. पंचनामे लिहिण्यांत व लिहिलेले वाचण्यांत आमचें बरेंच आयुष्य गेलें. शेततळ्यांतील मासे एका रात्रींत मेल्याची हकीकत कानांवर आली म्हणजे तिच्या पाठोपाठ 'कोणी तरी तळ्यांत औषध टाकलें' हें वाक्य येतेंच. संशय जातो तो शेजाऱ्यावर, कारण त्याच्याशीं बांधाचा किंवा पाटाच्या पाळीचा वाद आधींचाच असतो. मासे जातात ते जातातच. शिवाय दोन घरांचें येणेंजाणें बंद पडतें आणि फिर्यादी-अर्जांत वर्षें जातात. औषध टाकणारे दुष्ट लोक जगांत नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उष्णता आणि प्राणवायु यांची चौकशी न करतां माणसावर आरोप करणें हा अन्याय आहे, एवढें आम्हांस ठामपणें सांगावयाचें आहे.

शेततळ्यांचा मोठा प्रसार आपल्याकडे अलीकडचा. राज्य सरकारनें २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळें' ही योजना काढली आणि जागोजाग तळीं दिसूं लागलीं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा उतरत्या कडांच्या तळ्यांत २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारें बावीस लाख लिटर पाणी मावतें. पाणी मुरूं नये म्हणून त्यास प्लॅस्टिकचें काळें अस्तर घालतात. एवढें पाणी सांठलें आहे तर त्यांत रोहू, कटला, मृगळ किंवा सायप्रिनस सोडावा, म्हणजे डाळिंबाच्या अथवा केळीच्या उत्पन्नास चार पैशांची जोड होईल, हा विचार योग्यच आहे. पण हें नवें तळें म्हणजे जुना तलाव नव्हे. पांझरेवरील फड पद्धतीच्या बंधाऱ्यांचें पाणी वाहतें असे. धुळ्याजवळचा नकाणें तलाव किंवा जळगांवचा मेहरूण तलाव यांचा विस्तार मोठा. त्यांत मासा उन्हांत वरून खोलांत आणि थंडींत कांठावरून मध्यें जाऊं शकतो. काळ्या अस्तराच्या तळ्यांत ना चिखल, ना कमळ, ना कांठचें झाड. अस्तराच्या उघड्या कडा दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर थंडी सोसतात. मासा मात्र कोंडलेला असतो.

आतां मुख्य मुद्दा. गाईचें किंवा माणसाचें अंग हिंवाळ्यांतहि उबदार राहतें, कारण तें आपली उष्णता आपण निर्माण करून राखतें. माशाचें तसें नाहीं. पाण्याचें जें उष्णमान तेंच त्याच्या अंगाचें. पाणी दहा अंशांनीं तापलें कीं त्याच्या शरीरांतील घडामोडींचा वेग साधारण दुप्पट होतो. त्याला प्राणवायूहि तितकाच अधिक लागतो. आणि गंमत अशी कीं, ज्या वेळीं प्राणवायु अधिक हवा, त्याच वेळीं पाणी तो कमी धरतें. दहा अंशांच्या गोड्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ११.३ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो, वीस अंशांना ९.१, तीस अंशांना ७.६ आणि पस्तीस अंशांना ७.० मिलिग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यांत मासा दोहोंकडून पेंचांत सांपडतो: गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला.

सर्व मासे एकाच हवेचे नसतात, हेंहि ध्यानीं धरलें पाहिजे. रोहू, कटला व मृगळ यांस सुमारें पंचवीस ते बत्तीस अंशांचें पाणी मानवतें. वीसच्या खालीं त्यांची भूक मंदावते. सायप्रिनस त्यापेक्षां थंडीस अधिक सोशीक. घरोघर कांचेच्या भांड्यांत किंवा अंगणांतील हौदांत शोभेकरितां ठेवतात तो सोनमासा, म्हणजे गोल्डफिश, हाहि याच कुळांतला. एक हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं चीन देशांत तो माणसानें जोपासला. तो मूळचा थंड पाण्याचा. अठरा ते चोवीस अंशांत तो प्रसन्न असतो आणि त्याच्या हौदास ऊब देणाऱ्या विजेच्या कांडीची जरूर नसते. हिंवतापाच्या डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं आरोग्य खातें हौदांत सोडतें तो गप्पी मासा याच्या उलट आहे. त्याचें मूळ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांत व त्रिनिदाद बेटाकडे. त्याचें नांवच मुळीं त्रिनिदादच्या गप्पी नांवाच्या गृहस्थावरून पडलें. त्यास ऊब हवी. पाणी दहा-बारा अंशांवर उतरलें तर तो तगत नाहीं. 'गप्पी मासे पाळा, हिंवताप टाळा' हें वाक्य गांवोगांवच्या भिंतींवर वाचावयास मिळतें. पण उथळ हौदांतील गप्पी पौषांत मेला व चैत्रांत तेथें डांस झाले, तर दोष माशाचा कीं हौदाचा, हें कोणी पाहत नाहीं.

हौदाचा दोष म्हणण्याचें कारण साध्या त्रैराशिकानें समजतें. एका चौरस मीटर पृष्ठभागावरून एक लिटर पाणी वाफ होऊन उडालें, तर तें सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातें. माठांतील पाणी गार होतें तें याच न्यायानें. आतां त्या चौरस मीटरखालीं पाणी फक्त तीस सेंटिमीटर, म्हणजे ३०० लिटर असेल, तर तें जवळजवळ दोन अंशांनीं निवेल. तेंच पाणी तीन मीटर खोल, म्हणजे ३,००० लिटर असेल आणि वरखालीं मिसळत असेल, तर एका अंशाच्या पांचव्या हिश्शानेंच निवेल. उन्हानें तापण्याचाहि हाच हिशेब. म्हणून उथळ हौदांतील मासा एका अहोरात्रांत जेवढी उलथापालथ सोसतो, तेवढी खोल तळ्यांतील मासा पंधरा दिवसांतहि सोसत नाहीं. खोली हीच माशाची गोधडी आणि खोली हीच त्याची सांवली. सोनमासा कांचेच्या लहानशा वाटोळ्या भांड्यांत ठेवून तें खिडकीच्या उन्हांत मांडणें यासारखी दुसरी निर्दयता नाहीं.

हिंवाळ्याचें बोलूं. धुळें-साक्रीकडे कडाक्याच्या थंडींत हवेचा पारा पांचसहा अंशांपर्यंत उतरतो. तळ्याचें पाणी तितकें उतरत नाहीं, पण हळूहळू निवतें. अशा वेळीं आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते ती खाद्याची. थंडींत जनावरास पेंड वाढवावी हा नियम गोठ्यांत खरा; तळ्यांत तो उलटा लागू होतो. सोनमासा व रोहू यांच्या कुळांतील माशांस जठर नसतें. अन्न सरळ आंतड्यांत जातें. पाणी थंड असलें म्हणजे तें पचत नाहीं, आणि न खाल्लेली पेंड तळाशीं कुजून पाणी नासवते. पाणी वीस अंशांखालीं गेलें कीं खाद्य निम्म्यावर आणावें, पंधराखालीं गेलें तर रोहू-कटल्याचें बंद ठेवावें. सोनमाशास दहा ते पंधरा अंशांत अगदीं थोडें द्यावें, त्याखालीं मुळींच देऊं नये. जें द्यावयाचें तें दुपारीं, पाण्यास जरा ऊब आल्यावर द्यावें.

थंडीनें आणखी एक अपाय होतो. माशाची रोगप्रतिकारशक्ति मंदावते आणि रोगजंतूंस संधि मिळते. अंगावर लाल चट्टे पडून जखमा होण्याचा जो रोग भारतांत १९८८ सालीं ईशान्येकडे प्रथम दिसला व पुढें देशभर पसरला, तो पाणी थंडावण्याच्या दिवसांतच बळावतो. मरळ, मृगळ, रोहू यांस तो होतो. सोनमाशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात, तो रोगहि पाण्याचें उष्णमान एकाएकीं उतरल्यानंतर डोकें वर काढतो. चोवीस-पंचवीस अंशांत त्याच्या किड्याचा फेरा आठवड्याच्या आंत पुरा होतो; थंड पाण्यांत तो कित्येक आठवडे रेंगाळतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग गेला असें समजून उपचार लगेच सोडूं नये. सोनमाशाच्या हौदांत लिटरमागें एक ते तीन ग्रॅम खडेमीठ विरघळवून कांहीं दिवस ठेवणें हा साधा उपाय उपयोगी पडतो.

उन्हाळा याहून घातक. तळ्यांत हिरवें शेवाळ माजलें म्हणजे दिवसा उन्हांत तें प्राणवायु सोडतें. रात्रीं मात्र माशांप्रमाणेंच तेंहि प्राणवायु ओढून घेतें. त्यामुळें पाण्यांतील प्राणवायु सर्वांत कमी होतो तो सूर्योदयापूर्वीं. मासे वर येऊन तोंड उघडमीट करूं लागले कीं ती धोक्याची घंटा समजावी. त्यांत वळवाचा पाऊस झाला तर संकट दुप्पट. दिवसेंदिवस तापलेलें हलकें पाणी वर आणि गार जड पाणी खालीं अशी तळ्यांत दुमजली रचना झालेली असते; खालच्या मजल्यांत विष्ठा व पेंड कुजून प्राणवायु संपलेला असतो. सोसाट्याचा वारा व गार पाऊस आला कीं दोन्ही थर एकदम मिसळतात आणि सगळें तळें घटकाभरांत माशांस असह्य होतें. रोहिणी-मृगाच्या पहिल्या सरीनंतर सकाळीं मासे तरंगले, तर त्या पावसानें विष आणलें नाहीं. तळ्याच्या पोटांतील घाण वर आणली, एवढेंच.

अमोनियाचाहि विचार केला पाहिजे. माशांच्या मलमूत्रांतून तो होतोच. पण त्याचा कांहीं हिस्साच विषारी असतो. पाण्याचा सामू ८ असला तर वीस अंशांना हा विषारी हिस्सा शेंकडा सुमारें चार असतो, तीस अंशांना शेंकडा सुमारें साडेसात. शेवाळ माजलेल्या तळ्याचा सामू दुपारीं आणखी चढतो, आणि हा हिस्साहि त्याबरोबर वाढतो. पाणी तेंच, मासे तेच, खाद्य तेंच. पण पारा चढला तेव्हां निरुपद्रवी वस्तु मारक झाली.

तर मग विषप्रयोग आणि गुदमरणें यांतील भेद कसा ओळखावा? प्राणवायूच्या अभावानें मासे मरतात ते बहुधा पहाटे, आणि मोठे मासे आधीं मरतात, कारण त्यांची गरज मोठी. लहान पोरें कांठाशीं, पृष्ठभागाजवळ तग धरून राहतात. विषानें मरतात तेव्हां दिवसरात्रीचा नियम नसतो. लहान मासे बहुधा प्रथम जातात आणि पाण्यांतील किडे-अळ्याहि मरतात. ही लक्षणें म्हणजे अखेरचा निर्णय नव्हे. परंतु पंचनामा करणारानें तीं नोंदविलींच पाहिजेत. मासे केव्हां दिसले, कोणत्या आकाराचे मेले, पाणी किती खोल होतें, वरचें व तळचें उष्णमान किती, आदल्या दिवशीं पाऊस अथवा ढग होते काय, पंप तळ्यांत धुतला होता काय, हे रकाने कागदावर असले तर अर्धे तंटे जागच्या जागीं मिटतील. कपाशीवर फवारलेल्या औषधाचा पंप आपल्याच तळ्याच्या कांठीं धुणारा मालकहि असतो, हें विसरूं नये. खरोखर संशय असेल, तर त्याच सकाळीं स्वच्छ बाटलींत पाणी घ्यावें, ताजा मेलेला मासा बर्फांत ठेवावा आणि दोन्ही तपासणीस पाठवावें. दुसऱ्या दिवशीं घेतलेला नमुना व्यर्थ.

उपाय काय? तो केळीच्या बागेनें आपल्याला शिकविलाच आहे. खोल विहिरीचें पाणी वर्षाच्या सरासरी उष्णमानाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे पंचवीस-सत्तावीस अंशांच्या सुमारास, बारमाही राहतें. म्हणून तें थंडींत कोमट व उन्हाळ्यांत गार लागतें. तेंच पाणी तळ्यासहि दोन्ही ऋतूंत उपकारक आहे. मात्र दोन पथ्यें पाळावींत. एक, विहिरीच्या पाण्यांत प्राणवायु कमी असतो, म्हणून तें नळानें तळाशीं न सोडतां उंचावरून फवाऱ्यानें किंवा दगडावर आपटत पडूं द्यावें. दुसरें, सर्व पाणी एकदम बदलूं नये. घरच्या हौदांत मासे सुस्त दिसले कीं हौद रिकामा करून ताजें पाणी भरण्याची जी रीत आहे, तिनें आजारी मासा हटकून मरतो. चौथा हिस्सा पाणी बदलावें, तेंहि सावकाश. बोटुकली आणली म्हणजे पिशवी फोडून तत्काळ ओतूं नये. पंधरा-वीस मिनिटें पिशवी तळ्यावर तरंगत ठेवावी, मग थोडें थोडें तळ्याचें पाणी तींत घालावें आणि नंतर मासे सोडावेत.

कोणी म्हणतील, आमच्या वाडवडिलांनीं पारा न पाहतां मासे राखले. खरें आहे, पण त्यांचें पाणी खोल, विस्तीर्ण किंवा वाहतें होतें, आणि त्यांनीं एका बंद हौदांत इतके मासे कोंडले नव्हते. दुसरे म्हणतील, उन्हाळ्यांत तळें भरलेलें ठेवावें तर बागेस पाणी कोठून द्यावें? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. शेततळें खणलें तें बागेसाठीं, मासा दुय्यम. चैत्र-वैशाखांत पाणी उपसून तळें मीटरभरावर आलें, कीं त्या कोंबट पाण्यांत तेच सगळे मासे ठेवणें म्हणजे आठ महिन्यांची मेहनत एका पहाटेच्या हवालीं करणें होय. म्हणून खानदेशापुरतें आमचें मत असें कीं, पावसाळ्यांत बीज सोडावें, तेंहि हेक्टरीं पांच ते दहा हजार बोटुकलीच्या मर्यादेंत, आणि मार्चअखेर बहुतेक मासे काढून विकावेत. आणखी दोन महिने ठेवल्यानें वजन वाढेल या लोभानें थांबणारानें निदान दीड मीटर पाणी राखण्याची ऐपत आहे कीं नाहीं, हें आधीं तपासावें.

गप्पीपुरती एक सूचना. गांवांतील एखादा खोल, झांकलेला व पाखरांपासून सुरक्षित हौद हिंवाळ्यांत बियाण्याच्या गप्पीसाठीं राखून ठेवावा, म्हणजे होळीनंतर तेथूनच इतर हौदांत मासे देतां येतील. तो मासा नदी-नाल्यांत मात्र सोडूं नये. तो परका आहे, आणि आपल्या ओढ्यांतील लहान माशांच्या जागेवर त्याचें अतिक्रमण होतें.

शेवटीं आपल्या संघास आमची विनंति आहे. बी-बियाणें व खतें यांबरोबर संघानें साधे उष्णतामापक विक्रीस ठेवावेत. एका मजुराच्या दिवसाच्या रोजाइतकीहि त्यांची किंमत नाहीं. प्रत्येक तळेंवाल्यानें तो दोरीस बांधून सूर्योदयापूर्वीं व दुपारीं तीन वाजतां, एकदा वर आणि एकदा तळाशीं, असें चार आंकडे रोज वहींत लिहावेत. ज्यास सातबाऱ्यावरील पीकपाहणीचें महत्त्व कळतें, त्यास या वहीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. एक वर्षाची अशी वही हातीं असली म्हणजे कोणत्या महिन्यांत खाद्य तोडावें, कोणत्या पंधरवड्यांत मासे काढावेत, हें त्या तळ्याचें तळेंच सांगूं लागेल. आणि दुर्दैवानें एखाद्या पहाटे मासे तरंगले, तर शेजाऱ्याच्या दाराशीं जाण्यापूर्वीं मालकास आपली वही उघडतां येईल. आमच्या खानदेशांत बांधावरून वैरें पुष्कळ झालीं; पाण्याच्या पाऱ्यावरून आणखी नवीं होऊं नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.